रेड पांडावर काम करायचंय? मराठवाड्यातून निघण्याआधी एवढं वाचा

पंचवीस अंशांच्या वर पारा गेला की रेड पांडा कासावीस होतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलांना तो आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयात दिसण्याची आशा नाही. भारतात तो मुख्यतः दार्जिलिंग-कालिम्पाँगचे डोंगर, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशात, साधारण 2,200 ते 4,000 मीटर उंचीवर, खाली दाट बांबू असलेल्या ओक-ऱ्होडोडेंड्रॉन-फरच्या जंगलात राहतो. वजन 3 ते 6 किलो. फ्रेडरिक कुव्हिए यांनी 1825 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या कुळात आज आयलुरस ही एकच प्रजाती (जीनस) शिल्लक आहे. 2020 च्या जनुकीय अभ्यासानं तिच्या हिमालयी आणि चिनी अशा दोन वेगळ्या जाती सुचवल्या. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 2015 पासून तो 'संकटग्रस्त' आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही आहे.

या कामात प्राणी क्वचित दिसतो. दिसते ती त्याची लेंडी, त्यानं खाल्लेला बांबू आणि जंगलात फिरणारी गावची कुत्री. हे वाचायला जो शिकला, त्याला काम मिळतं, आणि हे शिकण्यासाठी आधी हिमालयात जायची गरज नाही.

वाटा मुख्यतः दोन. पहिली परिसंस्थाशास्त्राची. संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र केलेल्यांनी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राची वन्यजीव विषयातली एम.एस्सी. डोळ्यांसमोर ठेवावी. दोन्हीकडे जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी प्रवेश निघेलच असं धरून चालू नका. जाहिरात निघण्याचं वर्ष आधी बघा, मग पदवीनंतरच्या वर्षाचं गणित बसवा. प्रवेश परीक्षेत आपली मुलं बहुतेक वेळा प्राण्यांच्या माहितीत पडत नाहीत, संख्याशास्त्रात पडतात. संख्याशास्त्रासाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून हात बसवला तर पुढे गाडं अडत नाही.

संख्याशास्त्र का लागतं, हे एका हिशेबात कळतं. एखाद्या जंगलात रेड पांडा आहे, पण एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता 30 टक्केच आहे असं समजा. चार फेऱ्या मारूनही काहीच न सापडण्याची शक्यता 24 टक्के उरते. आठ फेऱ्यांनंतर ती सहा टक्क्यांच्या आत येते. दोन फेऱ्या मारून 'इथे रेड पांडा नाही' असं लिहिणारे अहवाल म्हणूनच कुचकामी ठरतात.

सराव घरच्या घरी करता येतो. किनवट-माहूरकडे मानवेल बांबू आहे. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन दोरीनं आखा आणि आतल्या काठ्या मोजा: यंदाच्या किती, जुन्या किती, वाळलेल्या किती. सोबत उतार, उताराची दिशा, झाडोऱ्याची सावली, पाण्यापासूनचं अंतर लिहा. पूर्व हिमालयातल्या मालिंग बांबूच्या रानात पुढे हेच करायचं आहे. गौताळ्याच्या बाजूला उदमांजराची विष्ठा ओळखायला शिका. अभयारण्यात शिरायचं तर वन विभागाची परवानगी घ्या. हद्दीबाहेरचे बांध आणि ओढेही सरावाला पुरतात.

आता लेंडीबद्दल, कारण नवखे लोक सर्वांत जास्त माती इथेच खातात. रेड पांडाची लेंडी दोन्ही टोकांना निमुळती, हिरवट आणि पानांच्या तुकड्यांनी भरलेली असते. त्याचं पोट मांसाहारी प्राण्याचं असल्यानं बांबूचा बराचसा भाग पचतच नाही. त्याला भरमसाट खावं लागतं, आणि लेंड्याही तशाच ढिगानं पडतात, बऱ्याचदा ठरावीक फांदीवर किंवा ओंडक्यावर. ताजी लेंडी ओलसर असते आणि तिच्यावर चिकट थर असतो. डीएनए मिळतो तो या थरातल्या आतड्याच्या पेशींमधून, म्हणून नमुना पृष्ठभागाचाच खरवडून घ्यायचा, आतला भुसा नाही. प्रत्येक नमुन्याला नवा हातमोजा, नवी काडी. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा, आणि ते नमुन्याच्या चौपट तरी असू द्या, नाहीतर लेंडीतलं पाणी ते पातळ करतं आणि डीएनए सडतो. 95 टक्के अल्कोहोल विमानात चढू देत नाहीत. ते तिकडच्या प्रयोगशाळेकडून घ्यायची सोय आधीच लावा. पाऊस पडून गेल्यावरचा नमुना बहुधा वाया जातो.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, वाघासाठी लावतात तसा गुडघ्याच्या उंचीवर, पायवाटेला लावला तर रेड पांडा फारसा येत नाही. तो झाडांवर जास्त असतो. लेंड्यांच्या फांदीसमोर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्याकडे तोंड करून बांधा. समोरची बांबूची पानं छाटायला विसरलात तर वाऱ्यानं हलणाऱ्या पानांचे हजारो फोटो निघतील आणि कार्ड भरेल. थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर बसतात, लिथियमच्या घ्या.

गावात चौकशी करताना रेड पांडाला 'हाब्रे' या नेपाळी नावानं म्हणा. फक्त रेड पांडाचं चित्र दाखवू नका, पाहुण्याचं मन राखायला लोक हो म्हणतात. पिवळ्या गळ्याचा मार्टेन, उदमांजर अशी चार-पाच चित्रं मिसळून दाखवा. तिकडे नेपाळी चालते आणि ती देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात.

दुसरी वाट पशुवैद्यकाची. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, प्रवेश नीटमधून होतो. या वाटेकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं, खरं तर गरज तिथेच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रेड पांडाला जीवघेणा ठरतो. पण कुत्र्यांना देतात ती जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची डिस्टेंपर लस रेड पांडाला टोचायची नाही, कारण त्या लशीमुळेच डिस्टेंपर होऊन प्राणी मेल्याची नोंद आहे. प्राणिसंग्रहालयांत त्याऐवजी कॅनरीपॉक्स विषाणूवर बेतलेली पुनर्संयोजित (जनुकीय फेरबदल करून बनवलेली) लस वापरतात. जंगलात लस टोचत फिरता येत नाही, म्हणून कडेच्या गावांतली कुत्री टोचावी लागतात. कुत्री नीट धरण्याचा सराव लातूरच्या शिबिरात झाला काय नि दार्जिलिंगजवळच्या सिंगालिलाच्या पायथ्याशी झाला काय, सारखाच.

प्रजननाचं काम दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यानात चालतं. तिथे वाढवलेल्या दोन माद्या 2003 मध्ये सिंगालिलात सोडल्या होत्या. पिल्लं जून-जुलैत जन्मतात, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्या काळात मादीजवळ ये-जा वाढली की ती पिल्लांना तोंडात धरून जागा बदलत राहते आणि पिल्लं दगावतात. म्हणून एका मादीला किमान दोन घरटी-पेट्या द्याव्या लागतात. या महिन्यांत इंटर्नशिप मागू नका.

सिंगालिला राष्ट्रीय उद्यान साधारण मध्य जून ते मध्य सप्टेंबर बंद असतं. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. मनमाड किंवा भुसावळहून हावड्याची गाडी, पुढे न्यू जलपाईगुडी, तिथून जीप. दार्जिलिंगला दोन रात्री काढून मगच वर चढा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर तिथेच थांबा, वाढलं तर खाली उतरा. अरुणाचलला इनर लाइन परमिट लागतं. संशोधन ज्या राज्यात करायचं त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी, आणि अर्जात लेंडीचे नमुने गोळा करणार व राज्याबाहेर नेणार असल्याचा स्पष्ट उल्लेख करा. तो राहिला तर नमुने तिथेच अडकतात. परवानगी हातात पडायला महिने लागतात, म्हणून तिकीट नंतर काढा.