परसात टिटवीची अंडी दिसली तर
मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान परसात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करू लागली, की पाऊल तिथेच थांबवा. अंडी पायाखाली येऊ शकतात. काड्यांचं घरटं शोधू नका. असतो तो नुसता उथळ खळगा, भोवती बारीक खडे आणि मातकट रंगावर काळे डाग असलेली बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. खडीत ती दोन हातांवरूनही चटकन दिसत नाहीत.

आल्या पावली मागे फिरा. चार-पाच मीटरवर दगड ठेवून जागा आखा आणि तिथलं गवत कापणं, पाणी मारणं महिनाभर बंद ठेवा. अंडी उबायला साधारण २८ ते ३० दिवस लागतात. कुत्रं बांधा. उन्हाची दया येऊन वर छत्री किंवा टोपली मात्र ठेवू नका. टिटवी बिचकून दूर राहते आणि अंडी खरी तेव्हाच भाजतात. ती स्वतः पोटाची पिसं भिजवून येते, अंड्यांना गारवा देते. म्हणून पाण्याचं उथळ भांडं परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. घरट्याजवळ ठेवलंत तर कावळे येतील.

पिल्लं काही तासांतच चालू लागतात. जमिनीला चिकटून निपचित पडलेलं पिल्लू बहुधा जखमी नसतं, लपलेलं असतं. उचलू नका.