ऑस्ट्रेलियाची जुनी बोलभाषा गावोगावच्या वर्तमानपत्रांतून कशी शोधावी

मेलबर्नला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात फोंड्याला फोन करून विचारले की, तिच्या कचेरीतले लोक खोट्या बातमीला ‘फर्फी’ म्हणतात, तर हा शब्द आला कुठून? अर्थ शब्दकोशात मिळतो. पण शब्द लोकांच्या तोंडी कसा रुळत गेला हे पाहायचे असेल, तर त्या काळची वर्तमानपत्रे वाचण्याला पर्याय नाही. सुदैवाने ती गोव्यात घरबसल्या वाचता येतात.

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ मध्ये ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर मुख्यतः १९५४ पर्यंतची वर्तमानपत्रे विनामूल्य वाचायला मिळतात. सिडनी-मेलबर्नच्या मोठ्या दैनिकांपेक्षा लहान गावांच्या पत्रांपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. ब्रोकन हिलचे ‘बॅरिअर मायनर’ किंवा ‘कालगुर्ली मायनर’ यांसारखी पत्रे खाणगावांतून निघत, आणि तिथे संपादक, जुळारी व वाचक एकाच बाजारात वावरत असल्यामुळे गावातली भाषा छापखान्यापर्यंत पोहोचायला फारसा वेळ लागत नसे.

शोध घेताना नुसता शब्द टाकू नये. ‘बिली’ म्हणजे रानात चहाचे पाणी उकळण्याचा पत्र्याचा डबा. पण एवढाच शब्द टाकला तर बिली नावाच्या माणसांची रांग लागते. म्हणून त्याच्या जोडीला चहा, उकळणे, वळकटी अशा अर्थाचा एखादा इंग्रजी शब्द द्यावा आणि दशक व राज्य ठरवून घ्यावे. लेख व जाहिराती वेगळ्या करण्याची सोयही तिथे आहे.

मिळालेला मजकूर यंत्राने वाचलेला असतो, हे कधीही विसरू नये. पुसट छपाईत यंत्र ‘ई’ या अक्षराला ‘सी’ समजते, ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की त्यांचे ‘एम’ करते, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तर त्याच्या हाती लागतच नाही. म्हणून मजकुरासोबत दिसणारे पानाचे छायाचित्र डोळ्यांनी वाचल्याशिवाय कोणतीही नोंद करू नये. चूक दिसल्यास ती तिथेच दुरुस्त करावी; ही मुभा सर्व वाचकांना आहे, आणि आपण केलेल्या दुरुस्तीमुळे पुढच्या माणसाला तो शब्द सापडतो.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शब्दाइतकेच लक्ष त्याच्याभोवतीच्या अवतरणचिन्हांकडे द्यावे. शब्द नवा असतो तेव्हा संपादक बहुधा तो अवतरणात ठेवतो किंवा पुढे त्याचा अर्थ सांगतो. वाचकांना तो परिचयाचा झाला की आधी स्पष्टीकरण जाते, मग चिन्हेही जातात. एकाच पत्राचे दहा-पंधरा वर्षांचे अंक ओळीने पाहिले, तर हा प्रवास डोळ्यांसमोर उलगडतो.

‘फर्फी’चेच पाहा. व्हिक्टोरियातील शेपर्टन गावी जॉन फर्फी यांचा ओतकामाचा कारखाना होता. तिथे तयार होणाऱ्या पाण्याच्या गाड्यांच्या टाकीवर त्यांचे आडनाव ठळक अक्षरांत असे. पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत या गाड्या होत्या. पाणी भरायला जमलेले शिपाई तिथेच ऐकीव बातम्यांची देवाणघेवाण करत, जशी आपल्याकडे तिंट्यावर, म्हणजे चव्हाट्यावर, होते. त्यामुळे १९१४ च्या आधीचे बहुतेक निकाल गाड्यांचे किंवा त्या कुटुंबाचे निघतात, आणि अफवा या अर्थाची खरी शोधाशोध १९१५ पासून करावी लागते. छापील पानावर पहिले अक्षर मोठे आहे की लहान, हेही टिपावे. आडनावाचे सामान्यनाम झाल्याची ती खूण आहे.

यासाठी शिपायांनी घरी धाडलेली पत्रे वाचावीत. गावची वर्तमानपत्रे ती आवर्जून छापत, आणि आई-वडिलांना कळावे म्हणून पुष्कळदा शिपाईच नव्या शब्दाचा अर्थ सांगून टाकतो. तितकीच मोलाची जागा म्हणजे पोलीस कोर्टाचे वृत्त, कारण तिथे साक्षीदाराचे बोलणे त्याच्याच शब्दांत येण्याचा संभव अधिक असतो. ‘शायसर’ म्हणजे काहीच न देणारी खाण, ‘सनडाउनर’ म्हणजे काम टळावे म्हणून सूर्यास्तालाच मेंढपाळीच्या मोठ्या वाडीवर पोहोचून शिधा मागणारा भटक्या: असे शब्द अग्रलेखांपेक्षा खाणींच्या व लोकर-कातरणीच्या बातम्यांत शोधावेत.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ही पत्रे एकमेकांचा मजकूर सर्रास उचलत, त्यामुळे एकच किस्सा वीस गावांत छापलेला आढळला तरी तो पुरावा एकच धरावा आणि सर्वांत जुन्या तारखेचा अंक गाठावा. तसेच ‘यॅका’ म्हणजे कष्टाचे काम, हा शब्द ब्रिस्बेन परिसरातील आदिवासींच्या यागारा भाषेतून आला आहे. अशा शब्दाची नोंद करताना मूळ भाषेचे नाव लिहिणे मी कर्तव्य मानतो. त्याच पानांवर या लोकांविषयी अपमानकारक शब्दही भेटतात. ते गाळू नयेत, परंतु कोणी कोणाला उद्देशून वापरले हे लिहिल्याशिवाय ठेवूही नयेत.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड द्यावे आणि त्यावर पूर्ण वाक्य, पत्राचे नाव, गाव, तारीख, पान व ट्रोव्हने दिलेला कायमचा दुवा उतरवून घ्यावा. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी गोमंतकीय पत्रे चाळताना ‘रेजिदोर’ (गावचा अधिकारी) यासारख्या पोर्तुगीज शब्दांसाठी मी हीच कार्डे वापरतो. पहिल्या आढळाची तारीख मात्र पेन्सिलीने लिहावी, कारण आणखी जुना अंक सापडला की ती खोडावी लागते.