कार्बन फायबरची जेट स्की गावातल्या शेडमध्ये कशी बांधावी

नागपूर-भंडारा पट्ट्यात फायबरचं काम जाणणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या, देखावे बनवणारे कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतात. म्हणून एका माणसाने उभ्याने चालवायची कार्बन फायबरची जेट स्की आपल्याकडच्या टिनाच्या शेडमध्ये नक्की बनू शकते. कापड अंथरणं हा त्यातला सोपा भाग. खरी परीक्षा हवामान, साचा आणि पाणी मागे फेकून बोट पुढे ढकलणारा जेट पंप सरळ बसवणं या तीन ठिकाणी होते.

आधी पाणी ठरवा

चालवायची कुठे, हे कापड मागवण्याआधी ठरलं पाहिजे. धरणाचा जलाशय जलसंपदा विभागाचा असतो, त्यांच्या परवानगीशिवाय यंत्राची बोट पाण्यात घालू नका. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणीही लागते. तोतलाडोह किंवा नवेगावबांधसारखी अभयारण्याला लागून असलेली पाणी डोक्यातून काढून टाका. मामा तलावात, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात, शिंगाडा आणि मासोळीवर लोकांची पोटं चालतात, तिथेही हे यंत्र नको. मोठ्या जलाशयावर आधी मच्छीमार संस्थेच्या लोकांना भेटा. जाळी कुठे लागतात, बुडालेल्या झाडांची खुंटं कुठे उभी आहेत, हे कागदावरच्या नकाशापेक्षा ढिवर बांधवांना जास्त ठाऊक असतं.

इंजिन आधी, बॉडी नंतर

जुन्या जेट स्कीचा पूर्ण संच घ्या: इंजिन, पंप, शाफ्ट, स्टिअरिंग केबल, इलेक्ट्रिक बॉक्स. यामाहा सुपरजेटचं 701 सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन उभ्या बॉडीसाठी उत्तम, कारण ते आखूड आणि साधं आहे. कोकण-गोव्याकडे मिळणारी जुनी यंत्रं बहुतेक बसून चालवायची असतात. त्यांची इंजिनं रुंद, म्हणून बॉडीची रुंदी त्याप्रमाणे वाढवावी लागते. इंजिन समोर ठेवून माप घेतल्याशिवाय रेघही ओढू नका.

पॅटर्न आणि साचा

पॅटर्न म्हणजे बॉडीचा नमुना, त्यावरून साचा निघतो. त्यासाठी प्लायवूडचे आडवे छेद कापून एका सरळ पाटावर उभे करा, मधल्या जागा फोमने भरा, वर फायबर आणि पुट्टी. बॉडी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटरच्या आसपास रुंद धरा. सगळा वेग तळाच्या मागच्या मीटरभर भागातून येतो. तिथे लांब ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसला की तेवढ्या भागाला पुन्हा पुट्टी आणि पुन्हा घासणी. तिथे पोकळ बाक राहिला तर वेगात नाक खाली दाबलं जातं, फुगवटा राहिला तर बोट सशासारखी उड्या मारते. मागची कड धारदार ठेवा, गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं.

साचा इपॉक्सीचाच (रेझिनमध्ये हार्डनर कालवला की घट्ट होणारा द्रव) बनवा, आणि त्यात चार बोटं रुंद फ्लँज, म्हणजे कडेची सपाट पट्टी, सोडा, कारण व्हॅक्यूम बॅग, म्हणजे आतली हवा ओढून कापड दाबणारी प्लास्टिकची पिशवी, तिथेच चिकटते. वॅक्सचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हातानंतर वाळायला वेळ द्या. इथे घाई केली तर सगळं काम साच्यातच अडकून बसतं.

महिना निवडणं

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इपॉक्सीचा नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की डब्यातला कामाचा वेळ जवळपास निम्मा होतो. 25 अंशांना चाळीस मिनिटं टिकणारं रेझिन 45 अंशांना दहा मिनिटांत धूर सोडतं. पावसाळ्यात दमट हवेने घट्ट होणाऱ्या इपॉक्सीवर चिकट पांढरी साय येते आणि पुढचा थर नीट धरत नाही. डिसेंबरच्या रात्री पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा रेझिन घट्ट होऊन कापडात शिरत नाही. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा, सकाळी दहाच्या सुमारास शेडमध्ये 25 ते 30 अंश: हा आपला मुहूर्त.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्या खोलीत कापड उघडं आहे किंवा रेझिन ओलं आहे, तिथे डेझर्ट कूलर लावू नका. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी भरूनच.

कापडाचे थर

बाहेरून आत असा क्रम ठेवा: 200 ग्रॅमचं ट्विल कार्बन, 400 ग्रॅमचं तिरकं दुहेरी कार्बन, परत 400, परत 200. म्हणजे दर चौरस मीटरला 1,200 ग्रॅम कापड. व्हॅक्यूमने रेझिन ओढलं तर जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते आणि चौरस मीटरमागे साधारण 630 ग्रॅम रेझिन राहतं. तेच कापड ब्रशने भिजवलं तर रेझिन सव्वा किलोच्या घरात जातं. बॉडीचं क्षेत्र सहा चौरस मीटर धरलं तर फरक तीन किलोंच्या वर होतो, आणि त्या जादा वजनाने ताकद काहीच वाढत नाही.

कार्बन ताठ असतो, पण टोकदार मार सोसत नाही. म्हणून नाकाला आणि तळाच्या मधल्या रेषेला बाहेरून काचेच्या कापडाचा जादा थर द्या. खुंटावर आपटल्यावर काच खरवडते आणि आतला कार्बन वाचतो. डेकच्या सपाट भागात दोन थरांमध्ये 5 मिलिमीटरचा पीव्हीसी फोम घाला. जिथे बोल्ट येणार तिथला फोम काढून ठोस थर भरा, नाहीतर बोल्ट कसताना फोम चेपतो.

व्हॅक्यूम

कोरड्या कापडावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), त्यावर रेझिन पसरवणारी जाळी, मधल्या रेषेवर रेझिन आत सोडणारी स्पायरल नळी, मग बॅग. व्हॅक्यूम फ्लँजच्या कडेने ओढायचा. त्यासाठी एसी-फ्रीज दुरुस्तीवाल्यांकडचा टू-स्टेज व्हॅक्यूम पंप चालतो. पंपाआधी रेझिन अडवायला झाकणाचा डबा हवाच. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे, त्यामुळे गेजवर 29 इंचांच्या आसपासच काटा थांबतो. पंपात दोष नाही.

आता पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास थांबा. काटा हलता कामा नये. हलला तर शेडमधला पंखा बंद करून कान बॅगेजवळ नेत फ्लँजभर फिरा. बारीक सूं ऐकू येतं, बहुतेक वेळा चुणीच्या टोकाशी. तिथे सीलंट टेप दाबली की आवाज तुटतो. काटा स्थिर झाल्याशिवाय रेझिन कालवू नका.

रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलूनच घ्या, प्रमाण डब्यावर छापलेलं. एका वेळी दीड किलोहून जास्त कालवू नका, मोठ्या डब्यात ते स्वतःच्या उष्णतेने पेटल्यासारखं तापतं. नळी उघडली की काळ्या कापडावर ओली चमकती कड मधून बाहेर सरकू लागते. सुरुवातीला भरभर, नंतर मुंगीच्या पावलाने. कुठे कोरडा ठिपका मागे राहतोय का, याकडे एका माणसाने फक्त बघत राहायचं.

आणि लाईन जाते, हे धरूनच चला. रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत व्हॅक्यूम टिकला पाहिजे, तेव्हा पंप इन्व्हर्टरवर ठेवा आणि पंपाजवळ हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह लावा. बॅग गळत नसेल तर व्हॉल्व्ह बंद करून बराच वेळ निभावता येतो.

तापवणं

हा टप्पा वगळू नका. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी बहुधा 50-60 अंशांना नरम पडू लागते, आणि विदर्भातल्या उन्हात काळी बॉडी त्याहून जास्त तापते. साच्यातच ठेवून, भोवती थर्माकोलची पेटी करून, हीटरने हळूहळू 60 ते 70 अंशांपर्यंत न्या आणि रेझिनवाल्याने सांगितले तितके तास ठेवा. शेवटी पांढरा किंवा फिकट रंग मारा. विणकाम दाखवायचा मोह डेकच्या छोट्या पट्ट्यापुरता ठेवा.

कापताना मास्क, चष्मा, लांब बाह्या, आणि कापायच्या जागी पाण्याचा फवारा. कार्बनची धूळ वीज वाहते. ती ग्राइंडरच्या मोटरमध्ये किंवा स्विचबोर्डमध्ये शिरली तर शॉर्ट होतो.

जोडणी

जेट पंप आणि इंजिन एका सरळ रेषेत आले पाहिजेत. शाफ्ट हाताने फिरवून बघा, पूर्ण फेरीत कुठेही जड लागू नये. रेषा जुळल्यावरच इंजिनाचे माउंट चिकटवा. ॲल्युमिनियम थेट कार्बनला टेकलं तर ओलाव्यात गंजून पांढरी भुकटी होते, म्हणून मधे काचेच्या कापडाचा थर द्या आणि बोल्ट 316 स्टेनलेसचे वापरा. डेक आणि तळ जोडण्याआधी नाकात आणि बाजूंना बंद पेशींचा फोम भरा. कार्बनची बॉडी इंजिनासकट पाण्याने भरली तर ती बुडते. इंजिनाच्या खोलीला हवेचे दोन पाइप ठेवा, पेट्रोलची वाफ आत साठू देऊ नका.

पहिलं पाणी

काठाला दोर बांधून दहा मिनिटं तरंगत ठेवा, मग बाहेर ओढून आत पाणी आलं का बघा. चालवताना लाइफ जॅकेट, हेल्मेट, जाड वेटसूटची पँट आणि मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी. मागे पडलेल्या माणसाला जेटच्या झोतापासून गंभीर इजा होते, त्यामुळे साधी चड्डी चालणार नाही. वैनगंगेच्या पाण्यात जलपर्णी असते. ती पंपाच्या जाळीत अडकली की इंजिन ओरडतं पण बोट पुढे जात नाही. अशा वेळी आधी इंजिन बंद करा, दोरी काढा, मगच जाळीत हात घाला. पहिले काही दिवस अर्ध्या थ्रॉटलवर चालवा आणि प्रत्येक फेरीनंतर पंपाभोवतीचा जोड नखाने चाचपून बघा. केसाएवढी भेग दिसली तरी बोट शेडमध्ये परत न्या.