ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन: कधी बंद, कधी चालू

ट्रायपॉड आला की स्टॅबिलायझेशन (कॅमेरा हलल्याने फोटो पुसट होऊ न देणारी यंत्रणा) बंद, हा नियम पाठ असलेले लोक भरपूर आहेत. ‘नव्या कॅमेऱ्याला सगळं आपोआप कळतं, तुम्ही कशाला हात लावता’ असं सांगणारेही तितकेच. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात फोटो वाया जातात. कॅमेरा खरोखर स्थिर आहे का आणि शटर किती वेळ उघडं राहणार आहे, एवढ्या दोन गोष्टींवर हा निर्णय ठरतो. ट्रायपॉड असणं-नसणं त्यानंतर येतं.

कॅननचं आयएस, निकॉनचं व्हीआर, सिग्माचं ओएस, टॅमरॉनचं व्हीसी, सोनीचं स्टेडीशॉट, ही सगळी एकाच कामाची नावं. जायरो सेन्सर कॅमेरा किती वळतोय ते मोजतो आणि त्याच्या उलट दिशेला लेन्समधला एक भिंगांचा गट किंवा खुद्द इमेज सेन्सर सरकवला जातो. हातात धरलेला कॅमेरा सतत हलत असतो, त्यामुळे जायरोला मोजायला भरपूर काही मिळतं. घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यावर मोजण्यासारखं काही उरत नाही, पण जायरो काही गप्प बसत नाही. त्याच्या स्वतःच्या सिग्नलमध्ये थोडी खरखर आणि थोडी घसरण असतेच. शांत खोलीत कान टवकारून बसलेल्या माणसाला नसलेले आवाज ऐकू यावेत, तसं त्याचं होतं. मग न झालेली हालचाल दुरुस्त करायला भिंगं सरकतात आणि चित्र हलतं. कधी त्या सरकण्याचीच कंपनं ट्रायपॉडमधून परत जायरोपर्यंत येतात आणि तो पुन्हा दुरुस्ती करत बसतो.

‘बंद करा’ हा सल्ला इथूनच आला. एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांसाठीची स्टॅबिलायझेशन असलेली पहिली बदलती लेन्स कॅननची ७५-३०० एमएम, १९९५ सालची. आपण ट्रायपॉडवर आहोत हे तिला ओळखता येत नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी तो सल्ला शंभर टक्के खरा होता. १९९९ मध्ये आलेल्या कॅननच्या मोठ्या टेली (दूरचं जवळ दाखवणाऱ्या) लेन्सना ट्रायपॉड ओळखता येऊ लागला आणि तिथून गोंधळ सुरू झाला. आज एकाच बॅगेत ओळखणारी आणि न ओळखणारी अशा दोन्ही लेन्स निघू शकतात.

पहिली पायरी: बटणं शोधा

लेन्सवर स्विच असेल तर बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत तोच मालक असतो. तो बंद केला की बॉडीचं (कॅमेऱ्याच्या आतलं) स्टॅबिलायझेशनही बंद होतं आणि मेनूतला पर्याय करडा पडतो किंवा दिसेनासाच होतो. लेन्सवर स्विच नसेल तर मेनूत जा. व्हिडिओसाठीचं डिजिटल स्टॅबिलायझेशन वेगळं असतं, तेही तिथेच तपासा.

जुनी मॅन्युअल लेन्स लावली असेल तर बॉडीला फोकल लेंथ (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला आकडा) हाताने सांगावी लागते. मागच्या वेळी १३५ भरलं आणि आज ५० एमएम लावली, तर सेन्सर गरजेपेक्षा कितीतरी जास्त सरकणार. मग स्टॅबिलायझेशन चालू असूनही फोटो का हलले म्हणून लोक डोकं खाजवत बसतात.

दुसरी पायरी: ट्रायपॉड

पाय घट्ट, सेंटर कॉलम खाली, हेड लॉक, गळ्यातला पट्टा काढलेला. पुढे.

तिसरी पायरी: आपल्या लेन्सची परीक्षा घ्या

सगळं अडतं ते इथे. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो, कारण एकदा चालू, एकदा बंद, असे दोन फोटो काढायचे आणि जो बरा दिसेल त्यावर निकाल द्यायचा, ही सगळीकडे सांगितली जाणारी पद्धत मुळातच फसवी आहे. घसरण दर वेळी सारखी नसते. एका फ्रेममध्ये भिंगं जवळजवळ जागच्या जागी राहतात, पुढच्या फ्रेममध्ये सरकतात. नशिबाने पहिली फ्रेम हाती लागली की ‘माझ्या लेन्सला काही होत नाही’ असं सर्टिफिकेट मिळतं आणि खऱ्या कामाच्या दिवशी निम्मे फोटो मऊ येतात.

परीक्षा नीट घ्यायची तर अशी घ्या. बारीक अक्षरं छापलेला कागद सपाट चिकटवा. झूम असेल तर सगळ्यात लांब टोकाला न्या. फोकस मॅन्युअल करा, एकदा नीट लावा आणि पुन्हा हात लावू नका, नाहीतर फोकसमधला फरक स्टॅबिलायझेशनच्या माथी माराल. रिमोट वापरा. नसेल तर १० सेकंदांचा टायमर लावा. फरशी पक्की हवी, आणि परीक्षा चालू असताना खोलीत कुणी फिरायचं नाही.

आता चार शटर स्पीड घ्या: १/२००, १/१५, १ सेकंद आणि ८ सेकंद. प्रत्येकाला स्टॅबिलायझेशन बंद ठेवून सहा फोटो, चालू ठेवून सहा फोटो. शटर स्पीड बदलताना अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) किंवा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदलावा लागेल, तर बदला. तुलना फक्त एकाच स्पीडच्या बंद आणि चालू फोटोंमध्ये करायची. १/२०० चा फोटो ८ सेकंदांच्या फोटोशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही, त्यांचं अ‍ॅपर्चर वेगळं असतं.

स्क्रीनवर १०० टक्क्यांवर उघडा आणि आधी ‘बंद’चे सहा पाहा. हे सहाच्या सहा सारखे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तिथेच थांबा. दोष ट्रायपॉडचा, फरशीचा किंवा शटरच्या धक्क्याचा आहे, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढच्या तुलनेला काडीची किंमत नाही. हे एक वाक्य वगळून लिहिलेल्या परीक्षा मी वाचायच्या सोडून दिल्या आहेत.

‘बंद’चे सहा एकसारखे आले की ‘चालू’चे सहा पाहा, आणि त्यातला सगळ्यात वाईट निवडा. सगळ्यात चांगला पाहून निकाल देणारा स्वतःलाच फसवतो. खूण ओळखायला शिका: अक्षरांच्या कडा एकाच बाजूला ओढल्यासारख्या दिसल्या तर ती घसरण. ‘क’चा दांडा एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने पुसट, असं काहीसं. कडा दुहेरी दिसल्या तर भिंगं मागेपुढे हलत होती. १/१५ च्या फोटोत कडा वरखाली दुहेरी असतील, आणि त्याही ‘बंद’ आणि ‘चालू’ दोन्हींत, तर तो शटरचा किंवा आरशाचा धक्का आहे. त्यावर उपाय इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता एक्स्पोजर सुरू करणं) किंवा मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं).

लाइव्ह व्ह्यूमध्ये (फोटो काढण्याआधी स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्रात) दहापट मोठं करून पाहण्याची युक्ती चांगली आहे, पण ती एकाच दिशेने चालते. शटर अर्धं दाबलेलं असताना अक्षरं संथपणे एका बाजूला वाहत जाऊन मध्येच जागेवर परत येताना दिसली, तर निकाल लागला: तुमची लेन्स ट्रायपॉड ओळखत नाही. अक्षरं स्थिर दिसली तर मात्र काहीही सिद्ध होत नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांत स्टॅबिलायझेशन फक्त एक्स्पोजरपुरतं चालू होईल अशी सेटिंग असते, आणि मग लाइव्ह व्ह्यू कायम शहाण्यासारखा वागतो. फोटो काढून पाहिल्याशिवाय सुटका नाही.

बहुतेकांना दिसेल ते असं: १/२०० ला काही फरक नाही, १/१५ ला लेन्सगणिक वेगळं, एका सेकंदाच्या पुढे ‘बंद’ जिंकतं. ट्रायपॉड ओळखणारी चांगली टेली लेन्स एका सेकंदालाही टिकते. तशी असेल तर आनंद आहे, पण ही परीक्षा प्रत्येक लेन्सची वेगळी घ्यायची. एकीचा निकाल दुसरीला लावू नका.

लांब एक्स्पोजरला आणखी एक गंमत आड येते. जायरोला पृथ्वीचं फिरणंसुद्धा जाणवतं, सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २०१६ साली ६.५ स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा) स्टॅबिलायझेशन आणणाऱ्या ऑलिंपसच्या बाजूनेच, याच्या पुढे जाण्यात पृथ्वीचं फिरणं आडवं येतं, असं सांगितलं गेलं होतं. पुढे कॅननने २०२० मध्ये ८ स्टॉपचा आकडा दिला, म्हणजे वाट निघाली. पण हे सगळे आकडे हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरला लॉक केलेल्या ट्रायपॉडवर त्यांचा काहीही उपयोग नाही.

चौथी पायरी: जागेवर निर्णय

हेड लॉक, जमीन पक्की, वारा नाही, शटर १/६० पेक्षा संथ: बंद. यावर वाद नको. तुमची लेन्स परीक्षेत पास झाली असली तरी बंदच करा. अशा वेळी चालू ठेवून मिळत काहीच नाही, जाऊ मात्र शकतं.

टाइमलॅप्स, पॅनोरमा, एचडीआर ब्रॅकेटिंग, फोकस स्टॅकिंग, म्हणजे अनेक फ्रेम जोडून एक चित्र किंवा व्हिडिओ करायची कामं: बंद, आणि इथे शटर स्पीड विचारायचाच नाही. एकेक फ्रेम धारदार असली तरी प्रत्येक फ्रेममध्ये भिंगं किंवा सेन्सर किंचित वेगळ्या जागी थांबलेले असतात. टाइमलॅप्स चालवून पाहिला की चित्र थरथरताना दिसतं, आणि ते नंतर निस्तरणं म्हणजे डोकेदुखी. शिवाय बॅटरी उगाच उतरते ते वेगळंच. ताऱ्यांसाठी ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) वापरत असाल तरी बंद. तिथे कॅमेरा मुद्दाम फिरवला जातोय, ती हालचाल कुणी दुरुस्त करायला नको.

आता उलट बाजू. मोनोपॉडवर (एकाच पायाच्या स्टँडवर) चालू ठेवा. मोनोपॉड वजन पेलतो, हलणं थांबवत नाही. गिंबल हेड (जड लेन्स तोलून मोकळी फिरवू देणारं) सैल सोडून पक्ष्यांमागे लेन्स फिरवत असाल तरी चालू, आणि लेन्सवर पॅनिंगचा (विषयामागे कॅमेरा फिरवण्याचा) मोड असेल तर तो (कॅननवर मोड २). निकॉनच्या मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय: पक्क्या ट्रायपॉडवर बंद, हेड सैल असेल किंवा मोनोपॉड असेल तर चालू. निकॉनच्या काही मोठ्या टेली लेन्सवर तर ‘ट्रायपॉड’ असा वेगळा मोडच असतो. ट्रायपॉडवर चालू ठेवायचंच असेल तर तो वापरा, तो शोभेला दिलेला नाही.

लाकडी फळ्यांचा मजला, माणसं चालणारा पूल, होडी: इथे ट्रायपॉडचे पाय ज्याच्यावर उभे आहेत तेच हलतंय, तेव्हा चालू. संथ शटरचा मोह मात्र सोडा, १/१२५ किंवा त्याहून जलद ठेवा.

वाऱ्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. वारा लागला की लोक आधी स्टॅबिलायझेशन चालू करतात आणि ट्रायपॉड तसाच पूर्ण उंचीवर फडफडत ठेवतात. आधी पाय आखडा, कॅमेरा खाली आणा, कॉलमच्या हुकला बॅग अडकवा, पण ती झोके घेणार नाही, जमिनीला टेकेल अशी. लेन्स हूड काढून टाका, लांब लेन्सवर तो वारा धरतो. एवढं करूनही दहापट मोठ्या चित्रात थरथर दिसत असेल, तरच चालू करा आणि शटर जलद करा. ४०० एमएमच्या पुढे, १/१२५ ते १/५०० च्या दरम्यान, यातून खरोखर फरक पडतो. १/१००० च्या पुढे चालू-बंद सगळं सारखंच.

पाचवी पायरी: फोटो काढा

रिमोट किंवा टायमर. जड टेली लेन्सला दोन सेकंदांचा टायमर पुरत नाही, बटण दाबल्याची थरथर तेवढ्यात विरत नाही. पाच किंवा दहा सेकंद लावा. पेंटॅक्सवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचा कॅमेरा टायमर आणि रिमोट लावल्यावर शेक रिडक्शन स्वतःहून बंद करतो. स्टॅबिलायझेशन चालू ठेवणारच असाल तर शटर अर्धं दाबून किमान एक सेकंद थांबा, मगच पूर्ण दाबा. सुरुवातीच्या झटक्यात घेतलेली फ्रेम हमखास खराब येते.

व्हिडिओला लॉक केलेल्या शॉटमध्ये सगळंच बंद, डिजिटल तर आधी बंद. ते चालू ठेवून ट्रायपॉडवर पॅन केलात तर सुरुवातीला चित्र मागे रेंगाळतं आणि तुम्ही थांबल्यावर थोडं पुढे सरकून मग थांबतं. बघणाऱ्याला तुमचा हेडच खराब वाटतो.

सहावी पायरी: परत चालू करा

ही पायरी सगळे विसरतात. ट्रायपॉडवरून उतरवलेला कॅमेरा हातात घेऊन १/३० ला फोटो काढायला लागलं की मग आठवतं. बॉडीच्या मेनूतून चालू-बंद करता येत असेल तर ते एखाद्या कस्टम बटणावर टाका. कस्टम मोड असतील तर त्याहून बरं: एक मोड ट्रायपॉडचा करून ठेवा, ज्यात स्टॅबिलायझेशन बंद, टायमर चालू, आयएसओ तळाला. डायल फिरवली की तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. लेन्सवर स्विच असेल तर हा उपाय चालत नाही. मग ट्रायपॉडची प्लेट सोडवताना दुसऱ्या हाताने तो स्विच वर करायची सवय लावून घ्या. लेन्स काढण्याआधी कॅमेरा बंद करा आणि भिंगं जागेवर बसल्याचा बारीक ‘टक्’ आवाज येईपर्यंत थांबा. त्यानंतर लेन्स किंवा बॉडी हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं तर घाबरून दुरुस्तीला नेऊ नका. वीज बंद असताना कित्येक मॉडेलमध्ये सरकता भाग मोकळा असतो.