ब्रिटनमध्ये इमिग्रेशन ॲडव्हायजर व्हायचं असेल तर

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायला वकिलीची पदवी लागत नाही, पण परवानगी लागते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर समज नेमका उलटा असतो. पदवी नाही म्हणून हे काम आपल्याला जमायचं नाही, असं लोकांना वाटतं. आणि सल्ला मात्र जो तो देत सुटतो.

कायदा १९९९ चा आहे, इमिग्रेशन अँड असायलम ॲक्ट. त्याचं कलम ८४ सांगतं की व्यवसाय म्हणून इमिग्रेशनचा सल्ला फक्त पात्र माणसानेच द्यायचा, मग त्यात नफा असो वा नसो. मोडलात तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मैत्रिणीचा फॉर्म तिच्या शेजारी बसून भरून दिलात, तर तो गुन्हा नाही. पण एखाद्या मंडळाने दर शनिवारी हॉलमध्ये ‘व्हिसा मदत केंद्र’ उघडलं, तर फुकट असलं तरी नोंदणीचा प्रश्न येतो. ‘आम्ही कुठे पैसे घेतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

सॉलिसिटर, बॅरिस्टर आणि सायलेक्सचे (लीगल एक्झिक्युटिव्हांच्या संस्थेचे) वकील आपापल्या नियामकांखाली येतात. बाकी सगळ्यांसाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी आहे, म्हणजे आयएए. जानेवारी २०२५ पर्यंत हिचंच नाव ओआयएससी होतं. जुन्या टिपणांत, कोर्सच्या जाहिरातींत आणि लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे, तेव्हा दोन वेगळी कार्यालयं समजून गोंधळू नका.

मी लेस्टरमधल्या एका धर्मादाय सल्ला केंद्रात लेव्हल २ ची ॲडव्हायजर आहे. शिक्षण बी.कॉम., तेही साताऱ्याला. नवीन आलेल्यांच्या फाइली तपासणं हा आता माझ्या कामाचा मोठा भाग आहे. पुढचं सगळं त्या फाइली बघून लिहिते आहे.

तीन पायऱ्या आहेत. लेव्हल १ म्हणजे नियमांत सरळ बसणारे अर्ज: जोडीदाराचा व्हिसा, स्टुडंट, व्हिजिटर, मुदतवाढ, नागरिकत्वाचे साधे अर्ज. लेव्हल २ म्हणजे गुंतागुंतीची प्रकरणं: व्हिसा संपून राहिलेली माणसं, आधीचे नकार, नियमांबाहेरची विनंती. लेव्हल ३ वाला ट्रायब्युनलपुढे, म्हणजे इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, उभा राहून अपील चालवतो. इमिग्रेशन आणि असायलम (आश्रय) हे विभागही वेगळे आहेत. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि समोरचं काम कोणत्या पायरीचं आहे, हे ओळखणं म्हणजे निम्मं प्रशिक्षण. बाकीचं निम्मं म्हणजे वाचन आणि प्रश्न विचारणं, आणि त्यातलं प्रश्न विचारणं जास्त अवघड.

आता एक गोष्ट, जी कोर्स विकणारे फारशी बोलत नाहीत. ही परवानगी ड्रायव्हिंग लायसन्ससारखी खिशात घालून फिरायची नसते. तुम्ही ज्या संस्थेत काम करता, तिच्या नोंदणीशी ती बांधलेली असते. नोकरी बदलली, की नव्या संस्थेने तुमच्यासाठी पुन्हा अर्ज करायचा. म्हणून ‘आधी आयएएची परीक्षा देतो, मग बघू’ हा क्रम इथे चालत नाही. आधी जागा शोधा: कुणाच्या छताखाली, कुणाच्या देखरेखीखाली.

माझं मत विचाराल तर ती जागा धर्मादाय संस्थेत शोधा. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्था, सिटिझन्स ॲडव्हाइसची कार्यालयं, महिला मदत केंद्रं यांना स्वयंसेवक हवेच असतात. सुरुवातीला तुम्हाला सल्ला देऊ देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. रिसेप्शनवर बसाल, कागद स्कॅन कराल, मुलाखतीत टिपणं घ्याल. ग्राहकांकडून पैसे न घेणाऱ्या संस्थांना नोंदणी शुल्क माफ असतं, त्यामुळे तुमच्यासाठी अर्ज करताना त्यांचा हात आखडत नाही. आणि मराठी, हिंदी, गुजराती येणारं माणूस लेस्टरसारख्या गावात कुणी सहजासहजी सोडत नाही. खाजगी फर्ममध्येही शिकता येतं, पण तिथे नवख्याच्या वाट्याला बहुधा एकाच छापाचे अर्ज येतात. वर्षभर स्किल्ड वर्करचेच, म्हणजे प्रायोजित नोकरीच्या व्हिसाचेच, अर्ज करत बसलात, तर बाकीचं ज्ञान कच्चं राहतं.

त्याआधी स्वतःचा व्हिसा तपासा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, आणि कामाच्या तासांवरही मर्यादा असते. स्किल्ड वर्करवर असाल तर तुमची परवानगी प्रायोजकाच्या नोकरीशी जोडलेली आहे. स्वतःच्या व्हिसाची अट मोडून दुसऱ्यांना व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला कुणी योग्य व्यक्ती म्हणून मान्य करणार नाही.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून यूकेचं काम करणारेही मला विचारतात. कलम ८४ चा हात ब्रिटनमध्ये दिलेल्या सल्ल्यापुरता आहे. तिकडे बसलेल्या एजंटावर आयएएचा लगाम नाही आणि त्याला तिचा शिक्काही नाही. ‘यूके अप्रूव्ड’ अशी पाटी दिसली तर लांबूनच नमस्कार.

अभ्यास इमिग्रेशन रूल्सपासून करा. ते सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि होम ऑफिसचे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचे, अधिकारी ज्या मार्गदर्शिका वापरतात त्याही. व्हिडिओ बघून शिकू नका. चांगले व्हिडिओही असतात, पण ते कोणत्या तारखेचे आहेत हे बघणारा हजारात एखादा. नियम वर्षातून अनेकदा बदलतात, आणि जुन्या लोकांना जुना नियम, नव्यांना नवा, असा तोडगा त्यात पुष्कळदा असतो.

जोडीदाराच्या व्हिसाचं उत्पन्न घ्या. ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक किमान २९,००० पौंड. पण त्याआधी या मार्गावर आलेली व्यक्ती त्याच जोडीदारासोबत मुदतवाढ मागत असेल, तर तिला जुनी १८,६०० चीच अट लागू राहते. नवखा माणूस तिलाही २९,००० सांगून मोकळा होतो आणि ती बिचारी दुसरी नोकरी शोधायला लागते. म्हणून पहिला प्रश्न ‘पगार किती’ हा नाही. पहिला प्रश्न ‘या मार्गावर पहिल्यांदा कधी आलात’.

आता थोडं खोल. लेक लेस्टरला, जावई पुण्यात आयटीत, पगार घसघशीत. तो बाहेरून अर्ज करतोय, तर त्याचा पुण्याचा पगार धरत नाहीत. लेकीचंच इथलं उत्पन्न बघतात. तिला समजा २५,००० मिळतात. तूट ४,००० ची. ती बचतीने भरता येते, पण हिशेब असा: पहिले १६,००० पौंड गणतीतच नाहीत, त्यावर तुटीच्या अडीचपट. म्हणजे १६,००० अधिक १०,०००, एकूण २६,००० पौंड, आणि ते सहा महिने हातात असायला हवेत. उत्पन्न शून्य असेल तर याच सूत्राने ८८,५०० होतात. एफडी चालते का? हवी तेव्हा मोडता येत असेल, मग दंड लागला तरी चालेल, आणि नवरा-बायकोपैकी कुणाच्या नावावर असेल, तर चालते. सासऱ्यांच्या नावावरची चालत नाही. सासऱ्यांनी पैसे बक्षीस दिले, तर सहा महिन्यांचं घड्याळ या दोघांच्या खात्यात पैसे आल्यापासून सुरू होतं. शिवाय पगारपत्रकावरची निव्वळ रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम महिन्यागणिक जुळायला हवी, आणि सर्वात अलीकडचा कागद अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतला हवा. माझं बी.कॉम. इथे कामी येतं.

असा एकेक विषय घेऊन स्वतःशी सोडवा. नियमाचा परिच्छेद क्रमांक डावीकडे, माणसाची वस्तुस्थिती मधे, पुरावा उजवीकडे. ज्या ओळीत उजवीकडे काहीच नाही, तिथे प्रश्नचिन्ह. आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिले काही आठवडे मी हेच करायला लावते. पोरं कंटाळतात. पण परीक्षाही पाठांतराची नसते. एखाद्या कुटुंबाची हकीकत देतात आणि त्यावर नियम लावायला सांगतात.

दुसरा विषय, जो पक्का असल्याशिवाय मी कुणाला फोनसुद्धा उचलू देत नाही: १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टचं कलम ३ सी. व्हिसाची मुदत संपण्याआधी नव्याने अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत जुनी परवानगी जुन्याच अटींसह आपोआप चालू राहते. एक दिवस उशीर झाला, तर हे छत्र मिळत नाही. आणि छत्र मिळालं असेल, पण मधेच भाच्याच्या मुंजीला भारतात गेलात, तर अर्ज मागे घेतला असं समजतात आणि परवानगीही संपते. लोक सल्ला केंद्रात येतात ते तिकीट काढून झाल्यावर. म्हणून फॉर्म पाठवून झाला की ‘निकाल येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही’ हे तोंडी सांगा, पत्रात लिहा, आणि सांगितल्याची नोंद फाइलमध्ये ठेवा.

आता प्रश्न विचारणं. आपली माणसं सगळं सांगत नाहीत. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ‘त्याचा इथे काय संबंध’ म्हणून. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता, हे कुणी आपणहून सांगत नाही. पण अर्जात इतर देशांचे नकारही विचारतात. तिथे ‘नाही’ लिहिलं गेलं आणि होम ऑफिसने ती फसवणूक धरली, तर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज अडू शकतात. ‘कधी व्हिसा नाकारला का’ असं एकदाच विचारून भागत नाही. ‘अमेरिका? कॅनडा? दुबई? शेंगेन?’ असं नाव घेऊन विचारा. जुने पासपोर्ट आणायला सांगा, शिक्क्यांवरून तारखांचा क्रम लावा. माणसाला स्वतःलाच आपला इतिहास आठवत नसेल, तर होम ऑफिसकडे त्याची माहिती मागण्याचा अर्ज करता येतो. तो फुकट असतो, आणि उत्तराची कायदेशीर मुदत साधारण एक महिन्याची असते.

बायकोची मुलाखत नवऱ्याच्या तोंडून घेऊ नका. ‘तिला इंग्रजी येत नाही, मी सांगतो’ म्हणणारा नवरा बहुतेक वेळा निव्वळ मदतच करत असतो. पण त्याला बाहेर बसवून तिच्याशी मराठीत बोलल्याशिवाय घरात काय चाललंय ते कळणार नाही. नवऱ्याच्या आधारावर व्हिसा असलेल्या आणि घरात छळ सोसणाऱ्या बाईला तीन महिन्यांची वेगळी परवानगी आणि सरकारी मदत मिळण्याची सोय आहे. ते प्रकरण अनुभवी हाताकडेच जायला हवं. तुमचं काम ते वेळेत ओळखून पोचवण्याचं.

आणि एक प्रश्न तुम्हाला आठवड्याला एकदा तरी येईल: आईबाबांना कायमचं आणता येईल का? २०१२ च्या जुलैपासून हा दरवाजा जवळजवळ बंद आहे. म्हातारपण किंवा आजारामुळे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची दीर्घकाळ मदत लागते, आणि तुम्ही पैसे पाठवूनही ती मदत भारतात मिळू शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. कोल्हापुरात नर्स मिळत नाही, हे सिद्ध करणं किती कठीण आहे ते तुम्हीच बघा. समोरचा माणूस रडवेला होतो. तरी ‘बघू, काहीतरी करू’ म्हणू नका.

जमलं तर ट्रायब्युनलमध्ये जाऊन बसा. सुनावण्या साधारणपणे खुल्या असतात. मी बर्मिंगहॅमला जाते. लेव्हल १ वर तुम्हाला तिथे बोलायचा अधिकार नाही, पण अर्जाच्या वेळी न जोडलेला एखादा कागद दीड-दोन वर्षांनी माणसाला कसा घाम फोडतो, हे तिथे दिसतं. रेकॉर्डिंग करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: आयएएला तुमची लायकी आणि ज्ञान दोन्ही बघायचं असतं. गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला, कर्ज-दिवाळखोरीची माहिती, आधीच्या नोकऱ्यांचे संदर्भ द्यावे लागतात. लपवलेली जुनी भानगड ही सांगितलेल्या भानगडीपेक्षा जास्त नडते. स्वतःची फर्म काढणार असाल तर व्यावसायिक विमा, तक्रार निवारणाची लेखी पद्धत, ग्राहकाला द्यायच्या पत्राचा नमुना आणि व्यवसायाचा आराखडाही लागतो. त्या पत्रात काम काय, फी किती, तक्रार कुठे करायची हे साध्या भाषेत असायला हवं.

नोंदणी झाल्यावरही अभ्यास सुटत नाही. दर वर्षी काय शिकलात याची नोंद ठेवावी लागते. मी रूल्समधले बदल संसदेत मांडले गेले की त्याच आठवड्यात वाचते, आणि फ्री मूव्हमेंट या संकेतस्थळावरचं विश्लेषण बघते. १९८४ पासून चालत आलेल्या इल्पा या वकिलांच्या संघटनेचे अभ्यासवर्गही चांगले, पण पैसे तुमच्या संस्थेने भरले तर बरं.

लेव्हल २ ची घाई करू नका. लेव्हल १ वर असताना किती फाइली तुम्ही स्वतः ओळखून वरच्या माणसाकडे पाठवल्या, आणि पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत नेमकं कारण लिहिता आलं का, हे मी बघते. ‘क्लिष्ट वाटतं’ असं लिहिलेली चिठ्ठी मी परत करते. ‘व्हिसा ३ मार्चला संपला, अर्ज ९ मार्चला, उशिराच्या कारणाचा पुरावा म्हणून हॉस्पिटलचं पत्र आहे’ असं लिहिणाऱ्याचा लेव्हल २ चा अर्ज मी स्वतः भरायला घेते.