मायक्रोवेव्हचे किरण राहू द्या, आधी प्लग बघा

नेरूळ-वाशीकडच्या सिडकोच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर एवढंसं, त्यामुळे मायक्रोवेव्ह बहुधा ओट्याच्या कोपऱ्यात कोंबला जातो. कोपरा चालेल, पण मागे आणि वर हवेला वाट ठेवा. जाळीवर ओला नॅपकिन वाळत घालायचा नाही.

मग प्लग. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणाराही, ओव्हन 2000 वॅटच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर. मोबाईल चार्जरचं छोटं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. त्यात जाड पिना शिरत नाहीत म्हणून कन्व्हर्टर लावणं म्हणजे सॉकेट जळायची सोय करणं. अर्थिंग असलेलं 16 अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डही नको.

भांडी काचेची किंवा चिनी मातीची, खाली मायक्रोवेव्हची खूण असलेली. स्टीलचा डबा, फॉइल, सोनेरी काठाची कपबशी यांनी ठिणग्या उडतात. आहेरात आलेला मेलामाइनचा डिनर सेट वाढण्यापुरताच.

लोक किरणांना घाबरतात. ते 2450 मेगाहर्ट्झचे, वायफायच्याच पट्ट्यातले. दार नीट लागत असेल तर आतच राहतात. मला भीती वाटते ती साध्या पाण्याची. गुळगुळीत कपात पाणी उकळबिंदूच्या वर तापतं, तरी बुडबुडा येत नाही. आपण कॉफी टाकतो आणि सगळं उसळून हातावर येतं. म्हणून तापवण्याआधीच कपात लाकडी चमचा ठेवा, वेळ थोडी लावा आणि झाल्यावर अर्धा मिनिट थांबून कप काढा.

अंडं कवचासकट ठेवू नका. सोललेलं उकडलेलं अंडंही फुटतं, कधीकधी थेट तोंडात. भरताच्या वांग्याला काट्याने टोचे मारा. उरलेली भाजी मध्येच एकदा ढवळा. कडा चटका देत असतात तेव्हा मधला भाग गारच असतो.

आत पेट घेतला तर दार उघडायचं नाही, हवा मिळाली की भडकतं. भिंतीवरचं बटण बंद करा, जमल्यास प्लग काढा आणि विझेपर्यंत दार बंदच ठेवा.

पावसाळ्यात झुरळं, पाली आतल्या उबेला जातात. तेव्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कव्हर उघडायला बसू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो. मेकॅनिकला बोलवा, तोवर दूध गॅसवर तापवा.