उजनीत माशांचे पिंजरे असतील तर आजच जाळं बघा

आभाळ भरलंय, वारा पडलाय, उजनीचं पाणी हिरवंगार झालंय. असे दिवस लागले की मला एकाच गोष्टीची धास्ती वाटते: शेवाळानं बुजलेलं जाळं. पुण्याकडचं सांडपाणी उजनीत उतरतं, म्हणून शेवाळ इथं झपाट्यानं धरतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री ओढून घेतं; ढगाळ दिवशी सोडतंही कमी. पहाटे चार-पाचला मासा घुसमटतो. त्यात जाळ्याचे आस (भोकं) बुजलेले असले, तर बाहेरचं पाणी आत येणार कुठून?

करमाळ्याच्या बाजूला फुगवट्यात एका सकाळी मी तीन पिंजरे मेलेल्या चिलापीनं पांढरे झालेले पाहिले. जाळं उचलायला चौघे लागले. भिजलेल्या घोंगड्यासारखं जड, मागं धरलेला हात दिसेना. शेजारच्या पिंजऱ्यातला मासा जिवंत होता. त्या पिंजऱ्याच्या मालकानं आठच दिवसांपूर्वी जाळं बदललं होतं.

म्हणून जाळ्यामागं हात धरून बघा. बोटं मोजता आली नाहीत तर जाळं बदला. एरवी पंधरवड्यानं, या दिवसांत आठवड्यानं. आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद. ऊन वर आल्यावर स्वच्छ जाळं बाहेरून लावून मासा त्यात घ्या. जुनं काठावर दोन दिवस कडक वाळवा, झोडपा, शेवाळ झडून जातं. मासा आत असताना घासू नका, ती घाण कल्ल्यात जाते.

दुकानदार ऑक्सिजनची पावडर, जिओलाइट (पाण्यातला अमोनिया शोषणारी पूड) गळ्यात मारतील. तळ्यात ठीक, पण पिंजऱ्यात टाकलेलं औषध वाहून धरणात जातं. त्या पैशात जादा जाळं घ्या.

बाकी कामं:
- खाद्य: बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) वजनाच्या ३ ते ५ टक्के, मोठ्या माशाला २ ते ३, ढगाळ दिवशी निम्मं
- ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम हवा. ३ च्या खाली खाद्य बंद
- दोर, नांगर, पिंजरा तरंगवणारी पिंपं, जाळ्याची फाट: रोज
- मेलेला मासा रोज काढून काठापासून लांब चुना टाकून पुरा

माझा अनुभव: पहाटे बगळे पिंजऱ्याच्या कडेला रांगेनं बसले, तर समजा मासा घुसमटून वर आलाय. ऑक्सिजन मोजायचं मीटर आणायला धावू नका. पंपानं पाणी उंच उडवत पिंजऱ्यात सोडा आणि ऊन पडताच जाळं बदला.